पाच वेळा पाच

दूरदेशीचा कुणी आपल्याशी बोलू लागला, तर त्याचे बोलणे मन लावून ऐकावे आणि ते नीट ऐकू आले नाही तर तसे त्याला कळवावे, एवढेच श्रोत्याचे कर्तव्य आहे. यातला पहिला भाग अवघड, आणि दुसरा त्याहून अवघड. 'तुमचा आवाज पोहोचत नाही' असे सांगण्यात थोडी अप्रियता असते. 'उत्तम, सुस्पष्ट' असे सांगण्यात उभयतांचे समाधान असते. अशा समाधानाने कुणाचे काय बिघडते, असे सज्जन माणसे विचारतात. सुरतेतल्या उधन्याच्या काशिनाथ नेरकरांना पाच वर्षांत हा प्रश्न पडलासुद्धा नाही, इतके ते सज्जन होते.

नेरकर एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते. मूळचे धुळ्याकडचे, बदलीच्या निमित्ताने सुरतेत आले आणि तापीच्या पाण्याला चिकटून राहिले. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या टेबलावरून जितके तपासणी अहवाल पुढे गेले, त्या सर्वांच्या शेवटी 'समाधानकारक' हा एकच शब्द होता. एका वर्षी कार्यालयाच्या अभिलेखकक्षाचे छप्पर कोसळले. त्याच्या आदल्या आठवड्याचा अहवालही समाधानकारकच होता. नेरकरांना त्यात विसंगती दिसली नाही. अहवाल छपराचा नसतो, तो वरिष्ठांच्या मनःशांतीचा असतो, हे त्यांना सेवेच्या प्रारंभीच उमगले होते.

हीच तपश्चर्या त्यांनी पुढे रेडिओच्या छंदात उतरवली. शॉर्टवेव्हवर दूरच्या एका थंड देशाचे केंद्र रोज सायंकाळी सव्वासातला अर्धा तास हिंदीतून कार्यक्रम करीत असे. रविवारी श्रोत्यांची पत्रे वाचली जात. 'सूरत से काशीनाथ नेरकर जी लिखते हैं' हे शब्द एका रविवारी खरखरीतून वर आले, आणि नेरकरांच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढच्याच महिन्यात, म्हणजे १९९१ च्या डिसेंबरात, 'श्रवणभक्ती रेडिओ श्रोता मंडळ, उधना' स्थापन झाले. अध्यक्ष नेरकर. सचिव भाईदास शिंपी, जे बँकेत लिपिक होते आणि ज्यांना रेडिओपेक्षा परदेशी तिकिटांत अधिक गोडी होती. सभासद अठरा.

अशा मंडळांचा एक नेम असतो. कार्यक्रम ऐकून केंद्राला अहवाल पाठवायचा. त्यात तारीख, वेळ, मीटर, कार्यक्रमात काय होते ते, आणि शेवटी पाच अंक : आवाजाची ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, आवाजाची चढउतार आणि एकंदर गुण. प्रत्येकाला एक ते पाच. पाच म्हणजे सर्वोत्तम. अहवाल पटला की केंद्राकडून पोचपावतीचे रंगीत कार्ड येते, बर्फाच्छादित डोंगर, लाल छपरे, एखादी गाय. ही कार्डे जमवणे हेच या छंदाचे पुण्य.

श्रवणभक्ती मंडळाने या शास्त्रात अमूल्य सुधारणा केली. नेरकर ऐकत, भाईदास कार्बन घालून अठरा प्रती काढीत, सभासद सह्या करीत. आणि पाचही अंकांना पाच. पाच, पाच, पाच, पाच, पाच. वादळ असो, वीज गेलेली असो, शेजारच्या पुष्पाबाईंचा मिक्सर चालू असो, पाच वेळा पाच. त्या पुष्पाबाई शेजारच्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरात असत. त्या नेरकरांच्या धर्मपत्नी.

"अहो, आज तर नुसतं फुर्रफुर्र येत होतं," त्या एकदा म्हणाल्या.

"पाहुणा घरी आला तर त्याच्या शिंकेचे गुण मोजायचे असतात का?" नेरकरांनी विचारले.

"पाहुणा आला तर निदान दिसतो तरी," असे म्हणून पुष्पाबाईंनी पुन्हा मिक्सर लावला.

मंडळाचा मुकुटमणी म्हणजे गच्चीवरची एरियल. सोसायटीच्या गच्चीवर दोन बांबू उभे करून त्यांच्यामध्ये वीस मीटर तार पूर्वपश्चिम ताणली होती. पूर्वपश्चिम अशासाठी, की ती दिशा मंगल असते. केंद्र कोणत्या दिशेला आहे, हा विचार दुय्यम मानला गेला. तार उधन्याच्या एका मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणलेली, तांबूस लाल, लखलखीत. दुकानदाराने "वरचे घासून घ्या" असे काहीतरी म्हटले होते. पण इतकी सुंदर झिलई घासून काढणे नेरकरांच्या रसिकतेला मानवले नाही. त्या तारेला दुसरी तशीच तार पिळून खाली आणली, तिचे टोक चिमट्याने रेडिओच्या दांडीला लावले, नारळ फोडला, आणि त्या दिवसाच्या अहवालात पाच वेळा पाच लिहिले. आदल्या दिवशीच्या अहवालातही तेच होते. त्यामुळे एरियलने काय फरक पडला, हे शास्त्राला कधीच कळले नाही.

अशा या निष्कलंक मंडळात भिकन पाटील नावाचे विघ्न शिरले.

भिकन सुरतेच्याच लिंबायत वस्तीत राही. मागावर कामाला. अमळनेरकडून आलेल्याला वीस वर्षे झाली होती, तरी बोलणे अहिराणीच. रेडिओची त्याला खरी आवड होती, आणि हाच त्याचा दोष ठरला. सभासद होऊन पहिल्याच बैठकीत त्याने स्वतः लिहिलेला अहवाल पुढे ठेवला. भाईदासांनी चष्मा लावला, काढला आणि पुन्हा लावला.

"तीन, दोन, दोन, तीन, दोन," त्यांनी वाचले. "हे काय? टेलिफोन नंबर आहे का?"

"जे आयकू वनं तेच लिखं, भाऊ."

"दोन?" नेरकर म्हणाले. "तू परराष्ट्राला दोन गुण दिलेस?"

"साहेब, आवाज पार बुडी जास. मांगे मागसनी खडखड ऱ्हास. तिले दोनच."

"खडखड आपल्या गावची. तिचा दंड त्या बिचाऱ्यांना कशाला?"

भिकन मग म्हणाला, "आमना कापडना ताकामा डाग ऱ्हास तं तठे आम्ही खडूनी खूण करतस. खूण नही करी तं यापारी सगळा ताका परत धाडस. डाग दखाडा म्हंजे माग नीट करता येस, साहेब."

"कापड वेगळं, भक्ती वेगळी," नेरकर गंभीरपणे म्हणाले.

"आणि एका मंडळाचे अठरा अहवाल पाच नि एक दोन, म्हणजे बाकीचे अठरा काय बहिरे?" भाईदासांनी व्यवहाराची बाजू मांडली. "साहेब, नाही चालशे."

"साहेब, येक इचारू?" भिकन जाता जाता म्हणाला. "तुमना एरियलनं तार घासेल शे ना?"

या प्रश्नातील उद्धटपणा सर्वांना एकाच वेळी जाणवला. त्याच बैठकीत भिकन पाटील यांचे सभासदत्व एकमताने रद्द झाले. इतिवृत्तात कारण 'अंकांबाबत असभ्यता' असे नोंदले गेले. भिकनने ते शांतपणे ऐकले, आपला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि घरी जाताना तो केंद्राच्या पत्त्यावर टपालपेटीत टाकला. त्यावर स्वतःच्या पदरचे तिकीट होते.

मंडळाला पाच वर्षे होत आली, तेव्हा केंद्राचे पत्र आले. कार्ड नव्हे, जाड कागद, वरती मुद्रा. हिंदीत दोन परिच्छेद. पहिल्यात मंडळाच्या पाचव्या वर्धापनदिनाबद्दल अभिनंदन होते, आणि पंधरा डिसेंबरच्या रविवारी पत्रांच्या कार्यक्रमात मंडळाचा विशेष उल्लेख करू, असे वचन होते. दुसऱ्या परिच्छेदात लिहिले होते, की सुरतेहून पाच वर्षे सातत्याने येणारे सर्वोत्कृष्ट अहवाल लक्षात घेता तिकडे इतका बलवान आवाज पाठवण्याची आवश्यकता नाही असे अभियंत्यांचे मत झाले आहे. सबब एक डिसेंबरपासून मोठा प्रक्षेपक बंद करून लहान वापरला जाईल.

नेरकरांनी दोन्ही परिच्छेद वाचले आणि दुसरा पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. "भाईदास, पाहा. अभियंत्यांनी आपली दखल घेतली!" पत्राला काचेची चौकट बसवून ते दिवाणखान्यात लावले गेले. आपल्यालाच बजावलेली नोटीस फुलांचा हार घालून भिंतीवर टांगण्याचे हे उदाहरण विरळा असावे.

एक डिसेंबरला सव्वासात वाजता नेरकरांनी रेडिओ लावला. आत समुद्र होता. नुसता समुद्र, ना तीर, ना नाव. दोन तारखेला तेच. तीन तारखेला मधूनच एक चिनी बाई बोलून गेली.

इकडे निमंत्रणपत्रिका छापून वाटल्या गेल्या होत्या. पंधरा तारखेला गच्चीवर चाळीस खुर्च्या, निवृत्त डाक अधीक्षक प्रमुख पाहुणे, आणि सव्वासातला 'मंडळाच्या गौरवाचे थेट श्रवण'. नेरकर सहा महिन्यांनी निवृत्त होणार होते. कार्यालयातल्या अठ्ठावीस वर्षांत त्यांचे नाव कुणी मोठ्याने उच्चारले असेल तर ते फाइल मागण्यासाठी. चार माणसांसमोर, सातासमुद्रांपलीकडून ते एकदा उच्चारले जावे, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि ती हसण्यासारखी असली तरी खोटी नव्हती.

"मी सांगू?" भाईदास म्हणाले. "पडद्यामागे मी बसतो. नाक चिमटीत धरून बोललो की हुबेहूब रेडिओ."

"नको."

"थोडी खरखरसुद्धा काढीन तोंडाने."

"भाईदास, नको म्हटलं ना."

पुष्पाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तो लिंबायतचा विचारत होता ना, तार घासली का म्हणून? त्याला जाऊन विचारा, तो काय म्हणत होता ते. नाहीतर त्या तारेचा उपयोग तरी काय? टॉवेल वाळत घालायलासुद्धा हात पोहोचत नाही."

नेरकर दोन दिवस विचार करीत राहिले. तिसऱ्या दिवशी कार्यालयातून सुटल्यावर त्यांनी रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला लिंबायत असे हळूच सांगितले, जणू तो कुणाला सांगणार होता.

भिकनचे बिऱ्हाड माडीवर होते. खाली माग. जिना थरथरत होता आणि भिंतीही थरथरत होत्या. कलाबाईंनी, म्हणजे भिकनच्या पत्नीने, स्टूल पुसून दिले. "बसा भाऊ. धनी येतीन आते. सातले पाळी सुटस, पन कारखाना जरा लांब शे." मग त्यांनी विचारले नाही, चहाच ठेवला.

नेरकरांनी वर पाहिले. पत्र्यापलीकडे दोन काठ्यांमध्ये एक साधी, काळवंडलेली तार ताणलेली होती. दोन्ही टोकांना सुताच्या रिकाम्या प्लास्टिक कांड्या बांधून तार काठीपासून अलग राखली होती. तिची एक शाखा खिडकीतून आत येऊन जुन्या ट्रान्झिस्टरला लागली होती. ट्रान्झिस्टरपासून दुसरी तार खाली मोरीशेजारच्या ओल्या मातीत पुरलेल्या लोखंडी नळीकडे गेली होती. मंगल दिशेचा कुठे विचार दिसत नव्हता.

भिकन आला. अंगावर कापसाचे तंतू. नेरकरांना पाहून तो दचकला, हसला, आणि पाय धुवायला गेला. तेवढ्यात सव्वासात झाले आणि खालचे माग थांबले. तिथली पाळी आता बदलत होती. अशी शांतता पसरली, की नेरकरांना आपल्या चहाचा घोट ऐकू आला.

"हाई येवढंच ऱ्हास साहेब, पंधरा-वीस मिनिट," भिकन म्हणाला आणि त्याने बटण फिरवले.

आवाज आला. दुबळा, अशक्त, जणू आजारातून उठलेला, पण आला. तीच बाई, तेच 'नमस्कार श्रोताओं'. नेरकर स्टुलावर पुढे सरकले. पाच वर्षे ज्या आवाजाला त्यांनी पूर्ण गुण दिले होते, तो आज ते प्रथमच ऐकत होते. मध्येच आवाज बुडाला. त्यांनी श्वास रोखला. पुन्हा वर आला.

खाली माग सुरू झाले आणि सारे संपले.

"याला किती देशील?" नेरकरांनी विचारले.

"दोन," भिकन म्हणाला. "तं मी दोनच लिखस. दर महिनाले."

"अजून पाठवतोस?"

"मंडळ सुटनं, रेडिओ कोठे सुटना?"

नेरकरांनी कप खाली ठेवला. पुढचे वाक्य त्यांनी रिक्षात अनेकदा घोळवले होते. तरी ते अडखळतच बाहेर पडले. "भिकनभाऊ, रविवारी आमच्या गच्चीवर याल का? तार बघायला."

भिकन रविवारी दुपारीच आला. खुर्च्या मांडल्या जात होत्या. त्याने शिडी लावली, तार बोटांत धरली, अंगठ्याच्या नखाने खरवडून पाहिली आणि खाली उभ्या असलेल्या नेरकरांकडे पाहिले. त्या नजरेत उपहास असता तर नेरकरांना बरे वाटले असते.

"साहेब, हाई तारले वरथून वार्निश शे. आख्खा अंगभर. हाई तार त्या तारले लागेलच नही. चिमटाबी वार्निशवरच शे."

"म्हणजे?"

"म्हंजे तार वर शे, रेडिओ खाले शे. दोन्हीसना काही संबंध नही."

भाईदास हार घेऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, "मग साहेब, पाच वर्षं आपण काय लावलं होतं रेडिओला?"

"नारळ फोडला होता," पुष्पाबाई म्हणाल्या. "तो चांगला निघाला होता."

भिकनने खिशातून धागा कापायची छोटी कात्री काढली आणि तिच्या पात्याने सांध्यावरची झिलई खरवडायला सुरुवात केली. लाल पापुद्रे गच्चीवर पडू लागले. आतून गुलाबी, उघडे तांबे निघाले. त्याने दोन्ही टोके तशीच साफ करून घट्ट पिळली, चिमट्याजवळचे टोकही खरवडले, आणि गच्चीवरच्या पाण्याच्या लोखंडी नळाला रेडिओपासून एक तार बांधली. हे सगळे व्हायला अर्धा तास लागला. नेरकर सारा वेळ शिडी धरून उभे होते. तसे ते कार्यालयात कुणासाठीही उभे राहिले नव्हते.

सात वाजता खुर्च्या भरल्या. निवृत्त डाक अधीक्षकांनी पत्रव्यवहाराच्या महतीवर दहा मिनिटे भाषण केले. टेबलावर रेडिओ, शेजारी भाईदासांनी त्या दिवसाचे अठरा अहवाल आधीच तयार करून ठेवलेले, पाचही अंक भरलेले. फक्त कार्यक्रमात काय झाले ती ओळ रिकामी. भिकन टेबलामागे खाली बसला होता, तारेवर एक हात ठेवून.

सव्वासात. खरखर, आणि तिच्यातून ती बाई. गच्ची स्तब्ध झाली. दोन पत्रे झाली. मग :

"सूरत के उधना से श्रवणभक्ती रेडियो श्रोता मंडळ, अध्यक्ष श्री काशीनाथ नेरकर..."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की समोरच्या गच्चीवरची कबुतरे उडाली. अधीक्षकांनी नेरकरांचा हात हातात घेतला. भाईदासांनी हार घातला. कुणीतरी 'वन्स मोअर' असेही ओरडले, जे सातासमुद्रांपलीकडे कळवणे कठीण होते. पुष्पाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि कुणी पाहिले का ते पाहिले.

पण आवाज थांबला नव्हता. टाळ्यांखाली तो बोलतच होता. नेरकरांनी हारासकट कान जाळीला लावला. बाई म्हणत होती, की याच शहरातून लिंबायतचे एक श्रोते, श्री भिकन पाटील, दर महिन्याला दोन आणि तीनच गुण देतात. आमचे अभियंते संभ्रमात आहेत. मंडळाचे अठरा अहवाल खरे की पाटीलजींचा एक. आवाज खरेच उत्तम पोहोचत असेल तर मार्चपासून हा लहान प्रक्षेपकही आणखी दूरच्या श्रोत्यांकडे वळवावा असा विचार आहे. कृपया खरे काय ते लिहा, आम्हाला इथून ऐकू येत नाही.

*आम्हाला इथून ऐकू येत नाही.* ती हे अगदी साधेपणाने म्हणाली.

टाळ्या ओसरल्या तेव्हा संगीत सुरू झाले होते. गच्चीवर कुणीच काही ऐकले नव्हते. ऐकणारे दोघेच : नेरकर, आणि तारेवर हात ठेवून बसलेला भिकन. भिकन खाली पाहत होता. त्याला बोलायचे नव्हते, हे स्पष्ट होते. आजचा दिवस साहेबांचा होता.

"साहेब," भाईदास फायली घेऊन आले, "ती रिकामी ओळ भरा, म्हणजे सह्या करून उद्याच्या टपालात टाकतो. 'विशेष गौरव, अत्यंत सुस्पष्ट' असं लिहू?"

नेरकरांनी अहवालाकडे पाहिले. पाच, पाच, पाच, पाच, पाच. किती सुबक अक्षर. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकाही अहवालात खाडाखोड केली नव्हती.

"भिकनभाऊ," ते म्हणाले, "आज किती?"

भिकनने मान वर केली. चाळीस माणसे ऐकत होती. "आवाजले तीन, साहेब. अडथळा चार. खडखडले दोन. चढउतार तीन. येकंदर तीन." मग जरा थांबून तो म्हणाला, "टाळ्या सोडीसन."

नेरकरांनी पेन उघडले. पहिला पाच खोडला आणि तीन लिहिला.

"साहेब!" भाईदासांचा आवाज फाटला. "मंडळाची अब्रू!"

"भाईदास, कार्बन काढा. प्रत्येकाने आपल्या कानांनी ऐकलेलं लिहायचं."

"माझे कान तर तिकिटांकडे असतात!"

"मग 'ऐकले नाही' असं लिहा. त्याचंही कार्ड येईल कदाचित."

निवृत्त अधीक्षकांना काय चालले आहे ते समजले नाही. ते प्रसन्नपणे हसले आणि चहाची चौकशी करू लागले. नेरकर खोडत होते. दुसरा पाच, तिसरा, चौथा. शेवटी 'एकंदर'च्या रकान्यापाशी क्षणभर पेन थांबले, आणि मग तिथेही तीन आला. खाली त्यांनी रिकामी ओळ भरली : 'मंडळाचे नाव ऐकले. त्यानंतरचे भिकन पाटील यांचेही. त्यांचा अहवाल बरोबर आहे; आमचे पाच वर्षांचे चुकीचे होते.' आणि गळ्यातला हार काढून त्यांनी तो भिकनच्या गळ्यात न घालता, तारेच्या साफ केलेल्या सांध्यापासून जरा दूर, बांबूला अडकवला. तांबे उघडे असताना त्यावर काही ओले ठेवू नये, एवढे ते त्या दुपारी शिकले होते.

पुढे मार्चात केंद्राने काय केले, हे इथे सांगण्याचे प्रयोजन नाही. जो दूर बसून, आपले कुणाला ऐकू येते की नाही हे न कळता, रोज वेळेवर बोलतो, त्याचा कंठ सुखरूप असो. माग थांबल्यावरच्या पंधरा मिनिटांत जो ऐकतो, त्याचे कान शाबूत राहोत. ज्याने उशिरा का होईना पहिला पाच खोडला, त्याचा हात स्थिर राहो. आणि भाईदासांनाही एखादे दुर्मीळ तिकीट मिळो. त्यांनी शेवटी खरेच 'ऐकले नाही' असे लिहिले होते.